तुम्ही विचारलंत म्हणून: बेंच सप्लायसाठी ट्रान्सफॉर्मर कोणता घ्यावा?

‘एलएम३१७ घालून घरीच व्हेरिएबल पॉवर सप्लाय करतोय, ट्रान्सफॉर्मर कितीचा आणू?’ असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा ० ते ३० व्होल्ट आणि ३ अँपिअर हवे असतात. ३ अँपिअर आधीच सोडून द्या. एलएम३१७ हा आउटपुटचं व्होल्टेज ठरवून स्थिर ठेवणारा आयसी दीड अँपिअरचा आहे, आणि तो दीडसुद्धा नेहमी मिळत नाही. आड येते ती उष्णता. म्हणून हिशेब वॅटपासून सुरू करायचा, व्होल्ट नंतर.

समजा १५ व्होल्टची सेकंडरी (ट्रान्सफॉर्मरची बाहेर व्होल्टेज देणारी बाजू) घेतली. एसीचं शिखर १५ गुणिले १.४१ म्हणजे २१. ब्रिजमध्ये (एसीचं डीसी करणारे चार डायोड) पावणेदोन-दोन व्होल्ट गेले, थोडा रिपल (डीसीवर उरलेली लहर) वजा केला, की आयसीच्या तोंडाशी सरासरी १८ व्होल्ट उरतात. बाहेर ५ व्होल्टवर १ अँपिअर ओढलात तर राहिलेले १३ व्होल्ट, म्हणजे १३ वॅट, आयसीच्या अंगावर. टीओ-२२० पॅकेजमध्ये (या आयसीचा नेहमीचा तीन पायांचा आकार) आतल्या चिपपासून मागच्या पत्र्यापर्यंत दर वॅटला साधारण ५ अंश चढतात, पत्रा आणि हीटसिंकमधल्या अभ्रक आणि पेस्टचा आणखी १. म्हणजे १३ गुणिले ६, ७८ अंश. उन्हाळ्यात खोली ४० अंशांवर असते, बेरीज ११८. चिपची मर्यादा १२५. हीटसिंकच्या वाट्याला ७ अंश आले, तेवढ्यात कुठलाही हीटसिंक भागवू शकत नाही. आयसी जळत नाही, तापून स्वतःला आवरतो आणि व्होल्टेज पाडतो. लोक मग पीस डुप्लिकेट निघाला म्हणून दुकानदाराशी भांडतात. (डुप्लिकेट पीस निघतातही, ते वेगळं.)

म्हणून माझं उत्तर: ९-०-९ (मधला टॅप आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ९-९ व्होल्ट), २ अँपिअर, आणि सोबत एक टॉगल स्विच. ब्रिजचा एक एसी पाय सेकंडरीच्या एका टोकाला कायमचा, दुसरा पाय स्विचमधून मधल्या टॅपला किंवा दुसऱ्या टोकाला. मधल्या टॅपवर ९ व्होल्ट मिळतात. त्यात १ अँपिअरला ६ व्होल्टपर्यंत आउटपुट घ्या, ५ व्होल्टला आयसीवर जेमतेम ५ वॅट येतात. टोकाला १८ व्होल्ट. तिथे स्वतःला ०.६ अँपिअरची शिस्त लावून घ्या, मग ७ व्होल्टसारख्या अडचणीच्या जागीही १० वॅटच्या आत राहाल. १८ व्होल्ट जरा जास्त वाटतील, पण गावाकडे संध्याकाळी लाइन १९० व्होल्टवर उतरते तेव्हा १२ व्होल्टचं आउटपुट त्यामुळेच टिकतं. २ अँपिअर अशासाठी, की ब्रिजनंतरचा फिल्टर कपॅसिटर झटक्याझटक्याने चार्ज होतो आणि १ अँपिअर डीसीसाठी सेकंडरीतून १.६ ते १.८ अँपिअर एसी ओढला जातो. लॅमिंग्टन रोडला घ्या नाहीतर पुण्यात तापकीर गल्लीत, दोन दुकानांतले एकाच रेटिंगचे ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन वजन बघा. हलका निघाला तर दुकानातच ठेवून द्या.

बाकीचं सामान साधं आहे. ब्रिजला चार १एन५४०८ डायोड. फिल्टरला ४७०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा कपॅसिटर. ३५चा घेऊ नका, कारण लोड नसताना आणि लाइन २५० असताना तिथे ३२ व्होल्ट चढतात. आयसीच्या आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट या पायांच्या मध्ये १०० ओहम, अ‍ॅडजस्टपासून निगेटिव्हला १ के (१००० ओहम) वायरवाउंड पॉट, म्हणजे फिरवून बदलायचा रेझिस्टर. सूत्र १.२५ गुणिले (१ अधिक पॉट भागिले १००), म्हणजे १.२५ ते पावणेचौदा व्होल्ट. सगळीकडे २४० ओहम दाखवतात, पण एलएम३१७ला नियमनासाठी १० मिलीअँपिअरपर्यंत किमान लोड लागू शकतो. २४० ओहममधून ५च जातात आणि एखाद्या पीसचं व्होल्टेज विनालोड वर सरकतं. १०० ओहममधून साडेबारा जातात, प्रश्न मिटतो.

पॉटचा मधला पाय त्याच्या वापरात नसलेल्या टोकाला जोडाच. पॉट जुना झाला की मधला संपर्क क्षणभर सुटतो. ही जोड असेल तर आउटपुट जास्तीत जास्त पावणेचौदावर जातं, नसेल तर थेट वीसच्या वर, आणि समोरचा ५ व्होल्टचा बोर्ड गेला. पॉटची तारच तुटली तरी हेच होतं, म्हणून तिथे प्लग-सॉकेट नको, सोल्डर करा.

अ‍ॅडजस्टपासून निगेटिव्हला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की रिपल कमी होतो. तो लावलात तर अ‍ॅडजस्टकडून आउटपुटकडे एक १एन४००७ डायोड हवा, आणि आउटपुटकडून इनपुटकडे दुसरा. आउटपुटला २२ मायक्रोफॅरड पुरे. हजाराचा लावायचा मोह होतो, पण त्यात साठलेला चार्ज कुठलीही करंट लिमिट जुमानत नाही, सरळ तुमच्या सर्किटमध्ये ओतला जातो.

करंटच्या लिमिटसाठी आणखी एक एलएम३१७ घ्या. इनपुट फिल्टरला, आउटपुटला १२ ओहम, त्याचं दुसरं टोक अ‍ॅडजस्टला आणि तिथूनच पुढे. १.२५ भागिले १२, साधारण १०० मिलीअँपिअर. एका टॉगलने मुख्य आयसीचं इनपुट या लिमिटरमधून किंवा थेट घ्यायचं. नवं सर्किट पहिल्यांदा नेहमी १००वर सुरू करा.

दोन्ही आयसींचा मागचा पत्रा आउटपुटला जोडलेला असतो, निगेटिव्हला नाही. एका हीटसिंकवर बसवताना दोघांना अभ्रक आणि स्क्रूला बुश. जुन्या संगणकाचा सीपीयू हीटसिंक पंख्यासकट मिळाला तर उत्तम. पंखा आणि व्होल्टेज दाखवणारा मीटर ७८१२वर (ठरीव १२ व्होल्ट देणारा आयसी) चालवा; ९ व्होल्टच्या रेंजवर त्यातून पुरे १२ मिळत नाहीत, पंखा हळू फिरेल. मीटर तीन तारांचा घ्या, दोन तारांचा कमी व्होल्टेजला बंदच पडतो.

प्रायमरीला ५०० मिलीअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज, तीन पिनांची वायर, पत्र्याच्या बॉक्सला अर्थ, २३० व्होल्टच्या प्रत्येक सांध्यावर स्लीव्ह. पहिल्यांदा सुरू करताना ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये ठेवा. क्षणभर लुकलुकून विझला तर ठीक, पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बहुधा ब्रिजचा डायोड उलटा. मग बल्ब काढा, ९ व्होल्टच्या रेंजवर ५ व्होल्ट लावून ४.७ ओहमचा १० वॅटचा सिमेंट रेझिस्टर जोडा आणि अर्धा तास चालू ठेवा. व्होल्टेज हळूहळू पडायला लागलं तर अभ्रकाखालची पेस्ट आणि स्क्रू तपासा. सुरुवातीपासूनच कमी असेल तर आधी फिल्टर कपॅसिटरवर मोजा. तिथे सरासरी १० व्होल्टच्या आसपास मिळत नसतील तर दोष बहुधा ट्रान्सफॉर्मरचा.