अनुच्छेद २१ख मागणारा उमेदवार

अकोला जिल्ह्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात, माझा छोटा छापखाना आहे. निवडणूक लागली की लग्नपत्रिका मागे पडतात आणि पत्रकांची घाई सुरू होते. गेल्या लोकसभेला, ऐन एप्रिलात, आमच्या भागात आरओच्या कॅना पोचवणारे एक भाऊ अपक्ष उभे राहिले. पत्रकावर फोटो नव्हता, चिन्ह कोपऱ्यात, बाकी सगळा मजकूर. पहिलं वाक्य, ‘संविधानात अनुच्छेद २१ख घाला.’

निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो. शिवाय प्रकाशकाचं घोषणापत्र आणि त्यावर ओळखीच्या दोघांच्या सह्या. भाऊ गावातल्या दोन बायांना घेऊन आले होते. त्यातली एक मावशी म्हणाली, “आधी वाचून दाखव, मंग सही.” साक्षीदाराने असं म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

मी वाचत गेलो. पिण्याचं पाणी, दवाखाना आणि काम हे तिन्ही मूलभूत हक्क करा, म्हणजे कोर्टात मागता येतील.

“आता नाही मांगता येत?” मावशी.

“संविधानाच्या भाग चारमंधी, सरकारले देल्ल्या सूचनायमंधी लिहेल हाय, मावशी,” भाऊ म्हणाले. “अनुच्छेद ४१ मंधी काम, ४७ मंधी पोषण अन् आरोग्य. पण ३७ म्हनते, त्याच्यासाठी कोर्टात जाता येत नाही. शाळेचंबी पयले तसंच होतं, ४५ मंधी. २००२ मंधी ८६वी दुरुस्ती झाली, २१क आलं, अन् लेकरायचा हक्क झाला. मंग पान्याचं काहून नाही?”

मला हा प्रश्न रास्त वाटला, आजही वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये, सुभाष कुमार खटल्यात, प्रदूषणमुक्त पाणी हे जगण्याच्या हक्कात, म्हणजे अनुच्छेद २१ मध्येच येतं असं सांगितलंय. पण आमचं पाणी कोणा कारखान्याने नासवलेलं नाही. पूर्णेच्या खोऱ्यात ते जमिनीतूनच खारं येतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. मग खटला भरायचा कोणावर? म्हणून गोडं पाणी पुरवणं सरकारवर बंधनकारक आहे, असं स्पष्ट लिहिलेलंच हवं.

मावशीचं मात्र समाधान झालं नव्हतं. “किती पानी, अन् कुठं? दोन कोसावर टाकी बांधली तरी पानी देल्लं म्हनतीन.”

भाऊंनी लगेच पेन काढून ओळ वाढवली, ‘माणशी पुरेल इतके, घरापासून पायी आणता येईल इतक्या अंतरावर.’ मी पान पुन्हा जुळवलं, तेव्हा कुठे सही झाली. जाताना दुसऱ्या बाईने विचारलं, “हे झालं त तुमचा धंदा बसन ना?”

“बसू द्या. पानी इकत घ्याच लागते, हेच त खरं दुखनं हाय.”

चहाच्या टपरीवर लोकांनी त्यांना येडं ठरवलं. संविधान बदलायला संसदेत दोन तृतीयांश मतं लागतात, एकटा अपक्ष फार तर खासगी विधेयक मांडणार. ते खरंच आहे. पण रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला, देशाने २००५ साली. अशा मागण्यांना वेळ लागतो, म्हणून त्या मांडायच्याच नाहीत का?

एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत, २५,००० ची अनामत गेली. पावसाळ्यात भाऊ परत आले. चिन्ह काढून तोच मजकूर ग्रामसभेच्या ठरावाच्या नमुन्यात बसवून हवा होता. मी कागदाचेच पैसे घेतले आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभांआधी गावोगाव पोचावा म्हणून त्याच रात्री छापून दिला.