मालशेज घाट, पन्नास कॅरेट आणि 2008 ची पिकअप

ओतूरच्या पुढे कल्याण रस्त्याला माझे गॅरेज आहे. मालशेज घाटात मालाची गाडी बंद पडली की जुन्नर भागातल्या चालकांचा फोन बहुधा मला येतो, त्यामुळे रात्री-अपरात्री हत्यारांची पेटी घेऊन घाटात जाणे हे माझ्या नेहमीच्या कामातच मोडते. त्यासाठी मी वापरतो ती टाटा 207 पिकअप 2008 ची आहे. तीन लिटरचे डायरेक्ट इंजेक्शन डिझेल इंजिन, हाताने टाकायचे गिअर, मागे पाटे, जड स्टेअरिंग आणि डॅशबोर्डवर जेमतेम चार-पाच दिवे, एवढाच तिचा पसारा. नव्या पिकअप रोज हाताखालून जात असताना मी स्वतः ही जुनी गाडी का ठेवली आहे, असे गिऱ्हाइके विचारतात, तेव्हा मी त्यांना जुलै 2023 मधल्या एका रात्रीची हकिकत सांगतो.

त्या महिन्यात टोमॅटोच्या भावाने सगळ्यांचीच झोप उडवली होती. नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या कॅरेटला दोन हजारांच्या पुढे भाव निघत होता आणि एरवी रस्त्याच्या कडेला ओतून द्यावा लागणारा माल शेतकरी रात्रभर राखत बसत होते. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, वाशीच्या व्यापाऱ्याशी थेट बोलणे करून पन्नास कॅरेट भरून पाठवले होते. म्हणजे लाखाच्या पुढचा माल, आणि तो पहाटेच्या बाजाराला पोहोचला तरच त्या भावाचा. गाडी त्यांची स्वतःचीच होती, बीएस-6 या नव्या प्रदूषण नियमांची, घेऊन वर्षही झाले नव्हते.

रात्री साडेनऊच्या सुमारास चालकाचा फोन आला. "मिस्त्री, बोगद्याच्या खाली उभा आहे. सेल्फ फिरतो, पण गाडी पकडत नाही," एवढे बोलून आवाज तुटला. मालशेजमध्ये पावसाळ्यात रेंजचा भरवसा नसतो आणि धुक्याचा तर नसतोच. मी गॅरेजमधल्या पोराला सोबत घेतले, बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि 207 काढली. पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने मढ, खुबी फाटा करत घाटमाथ्यावर पोहोचेपर्यंत पाऊस असा लागला होता की वायपर असून नसल्यासारखे होते.

पिकअप एका वळणाच्या अलीकडे, डोंगराच्या बाजूला लावलेली होती. चालक पंचविशीतला, हुशार पोरगा. त्याने मागच्या चाकांना दगड लावले होते, झाडाची फांदी रस्त्यावर टाकून ठेवली होती आणि हकिकतही नीट सांगितली. मढच्या पुढे चेक लाईट लागली, गाडीची ओढ कमी झाली, घाट उतरू लागल्यावर पुढच्या वळणांना धोका नको म्हणून त्याने ती बाजूला घेतली आणि बंद करून पुन्हा चालू करायला गेला तर ती चालू होईना. डिझेल होते, बॅटरी भक्कम होती, फ्यूज सगळे शाबूत होते. इंजिनाच्या कॉम्प्युटरचा म्हणजे ईसीएमचा रिले (वीज जोडणारा छोटा स्विच) मी हॉर्नच्या रिलेशी अदलाबदल करून पाहिला, तरीही काही फरक पडला नाही.

मग स्कॅनर जोडला. रेलच्या म्हणजे नोझलना डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या दाबाचा सेन्सर, टर्बोच्या दाबाचा सेन्सर, एक्सलेटर पेडल, धुराच्या फिल्टरचा म्हणजे डीपीएफचा सेन्सर, अशा सगळ्यांचे कोड एका रांगेत दिसले. एवढे सेन्सर एकाच वेळी मरत नाहीत, हे या कामातल्या माणसाला सांगावे लागत नाही. यातल्या बऱ्याच सेन्सरांना ईसीएमकडून पाच व्होल्टचा पुरवठा जातो आणि तो पुरवठा एकमेकांत वाटलेला असतो. त्यांतल्या एकाच्या कपलरमध्ये म्हणजे तारेच्या जोडणीत पाणी शिरून तार अर्थ झाली की बाकीच्यांचेही व्होल्टेज कोसळते. कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो. तो दाब नेमका किती आहे हे कळल्याशिवाय ईसीएम डिझेल फवारणाऱ्या नोझलला उघडण्याचा हुकूम देत नाही. पंप धडधाकट, नोझल धडधाकट, टाकीत डिझेल, आणि तरीही इंजिन थंडगार.

उपायही माहीत होता: एकेक सेन्सरचा कपलर काढत जायचे आणि कोणता काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात ते मीटरवर पाहायचे. वरून हात पोहोचत होता तेवढे कपलर पोराने टॉर्च धरला असताना मी काढून पाहिले. मीटरचा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आसपास अडून राहिला होता, तो हलला नाही. उरलेले कपलर खालच्या बाजूला, उष्णतेच्या पत्र्याआड होते. भरलेल्या गाडीखाली, घाटाच्या उतारावर, वाहत्या पाण्यात आडवे होऊन ते पत्रे सोडवायचे, आणि वरून धुक्यात येणाऱ्या ट्रकवाल्याने आपल्याला पाहावे अशी प्रार्थना करायची, हे मी करत नाही. चालकाने बोगद्याच्या वर चालत जाऊन रेंज मिळवली आणि मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडची मुलगी अतिशय नम्रपणे बोलली आणि उचलून नेणारी गाडी सकाळी पाठवते असे सांगून तिने फोन ठेवला. तिच्या हातात दुसरे काही नव्हतेही.

तात्यांना फोन लागला तेव्हा त्यांनी एकच विचारले, "मिस्त्री, तुमच्या गाडीत बसतील का?" बसणार होते. मी 207 मागे घेऊन हौद्याला हौदा भिडवला, ताडपत्री दोन्ही गाड्यांवर ताणून धरली आणि आम्ही तिघांनी पन्नास कॅरेट एका गाडीतून दुसरीत रचले. टोमॅटो ओला झाला की वाशीपर्यंत डागाळतो, म्हणून माल भिजू न देता आम्ही मात्र पुरते भिजलो. पोराला बंद गाडीपाशी थांबवले, चालकाला सोबत घेतले आणि मी खाली निघालो.

हजार किलो पाठीवर घेऊन मालशेज उतरताना 207 दुसऱ्या गिअरमध्ये टाकायची आणि ब्रेकला जपून वापरायचे. इंजिनच गाडीला धरून ठेवते आणि वळणावर पाय ब्रेकवर हलका टेकवला तरी पुरते. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडच्या नव्या मालवाहू पिकअपही बहुतेक सगळ्या हातगिअरच्याच आहेत, त्यामुळे उतारावरची ही सोय त्यांनाही आहे. माझे भांडण त्यांच्या गिअरबॉक्सशी नाही. त्यांची स्टेअरिंग हलकी असतात, माझ्या गाडीचे स्टेअरिंग मात्र इंजिन चालू असो वा बंद, सारखेच जड असते, आणि हा गुण आहे असे मी कोणालाही पटवून देणार नाही.

घाट संपून टोकावड्याच्या दिशेने सपाटीला लागलो आणि आता माझीच गाडी गचके देऊ लागली. इंजिन धापा टाकल्यासारखे करून बंद पडले. चालकाने माझ्याकडे पाहिले. आजची रात्र कुणाची, असे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले होते. मी बॉनेट उघडले. टाकीकडून येणारी रबरी नळी डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाला जिथे क्लिपने आवळलेली असते, त्या टोकाशी बारीक चीर पडली होती. ती बाजू ओढून घेणारी असल्याने तिथून डिझेल फारसे गळत नाही, उलट हवा आत शिरते. इंजिनाने हवा धरली होती.

चीर पडलेले बोटभर टोक ब्लेडने कापून टाकले, नळी पुन्हा चढवली आणि क्लिप पक्कडीने आवळली. फिल्टरवरचा ब्लीडिंगचा म्हणजे हवा काढण्याचा बोल्ट दोन आटे सैल केला आणि फीड पंपाचा हातपंप मारायला चालकाला सांगितले. आधी नुसता फेस आला, मग बुडबुडे मिसळलेले डिझेल, आणि मग बुडबुडा नसलेली अखंड धार. धार चालू असतानाच बोल्ट आवळला. सेल्फ मारल्यावर इंजिन थोडे अडखळले, ढुसकन काळा धूर सोडला आणि लागले. बॉनेट उघडल्यापासून ते बंद करेपर्यंत पाव तास गेला असेल. या इंजिनात नोझल साधारण दोनशे बारला स्प्रिंगच्या जोरावर आपोआप उघडते. तिला कोणाला विचारावे लागत नाही, आणि गाडी बंद करण्याच्या सोलेनॉइडची (विजेवरच्या खटक्याची) तार सोडली तर इंजिनाच्या चालण्यात विजेचा संबंध येत नाही.

मुरबाड, कल्याण, शिळफाटा करत आम्ही वाशीला पोहोचलो तेव्हा बाजार सुरू झालेला होता, पण भाव उतरले नव्हते. व्यापाऱ्याने वरचे दोन-तीन कॅरेट उपसून पाहिले आणि बाकीचे न पाहता उतरवून घेतले.

तात्यांची पिकअप अधिकृत वर्कशॉपमध्ये काही दिवस होती. कारण निघाले ते मी घाटात बांधलेल्या अंदाजाशी जुळणारे होते: डीपीएफच्या दाबाचा सेन्सर. त्याच्या कपलरच्या रबरात खोट होती आणि आत पाणी साचले होते. या सेन्सरचे काम धुरातली काजळी फिल्टरमध्ये किती साठली आहे हे मोजण्याचे. इंजिन चालण्याशी त्याचा काही संबंध नाही, तरीही त्याने सगळे इंजिन बसवले. माझी तक्रार आहे ती एवढीच. जुन्या गाड्या बिघडत नाहीत असे नाही. माझी तर त्याच रात्री बिघडली. पण तिच्यातला बिघाड जिथला तिथे राहतो, आणि माणूस त्याच्यापर्यंत नुसत्या डोळ्यांनी व हातांनी पोहोचू शकतो. नव्या गाडीत एका कोपऱ्यातला बिघाड तारेतून फिरून भलतीकडेच जाऊन बसतो, आणि त्याचा माग काढायला स्कॅनर, कोरडी जागा आणि लिफ्ट लागते.

बीएस-6 चे नियम एप्रिल 2020 पासून सगळीकडे लागू झाले आणि ते गरजेचे होते, हे मान्य केले पाहिजे. टोकावड्याला माझ्या गाडीने सोडलेला धूर मी स्वतः पाहिला आहे. नवी पिकअप डिझेल कमी खाते, भार जास्त उचलते आणि चालकाची कंबर वाचवते. पण फिल्टरवर लक्ष ठेवणारा सेन्सर आणि इंजिन चालवणारा सेन्सर यांना एकाच पाच व्होल्टच्या तारेवर बसवा, असे कोणत्याही प्रदूषणाच्या नियमात लिहिलेले नाही. पुरवठा वेगळा ठेवला असता तर चेक लाईट लागली असती आणि गाडी वाशीला गेली असती. केंद्र सरकारने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि तिच्या विषयांत वाहनेही घातली. वायरिंगचे नकाशे आणि सेन्सरांच्या जागा रस्त्यावरच्या मिस्त्रीला खुल्या मिळाल्या, तर माझ्यासारख्यांचे निम्मे काम सोपे होईल.

जुनी गाडी ठेवणेही फुकट नाही. आठ वर्षांनंतर मालवाहू गाडीचे फिटनेस दरवर्षी करावे लागते आणि एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांना त्याचे शुल्क बरेच वाढलेले आहे. सुटे भाग अजून मिळतात, पण रबराचा माल पूर्वीसारखा राहिलेला नाही.

गणपतीच्या सुमारास तात्या गॅरेजला आले आणि नवी ठेवून जोडीला एखादी जुनी 207 मिळेल का, असे विचारू लागले. मी त्यांना सांगितले की रंग पाहू नका, केबिनच्या मागे हौदा जिथे चेसीवर बसतो तिथे हातोडी टोचून गंज पाहा. सकाळी थंड इंजिन स्वतः चालू करा, मालकाने आधीच गरम करून ठेवलेले असेल तर परत या. उतारावर गिअर टाकून एक्सलेटर सोडा आणि गिअर उडी मारतो का पाहा. पंपाच्या सांध्यावर ओले डिझेल दिसले तर पंपाचा खर्च भावातून वजा करा. आणि आरसी व फिटनेसची तारीख हातात घेतल्याशिवाय इसार देऊ नका. त्यांनी नारायणगाव, आळेफाटा, संगमनेरपर्यंत गाड्या पाहिल्या. चांगली गाडी असलेला मालक विकायला तयार होत नाही आणि विकायला तयार असलेल्याची चेसी गंजलेली निघते, म्हणून त्यांचा शोध अजून चालूच आहे. मधल्या काळात त्यांनी माझ्या 207 लाही भाव सांगून पाहिला. तो बरा होता, पण मी गाडी दिली नाही.