लाडवातली खसखस

लेकीचं बाळंतपण दुबईला करायचं ठरलं, तेव्हा मी आधी पासपोर्ट नाही शोधला, डिंक शोधला. पासपोर्ट काय, कपाटात पैठणीखाली असतोच. ह्यांनी तो काढला, उघडला आणि म्हणाले, "संपायला पाचच महिने उरलेत." तिकडे उतरताना किमान ६ महिने शिल्लक लागतात. पुन्हा अर्ज, पुन्हा बोटांचे ठसे. ते सगळं ह्यांच्या गळ्यात घालून मी लाडवांकडे वळले.

डिंक, खारीक, खोबरं, गोडंबी, खसखस. सगळं निवडून ताटात मांडलं आणि लेकीला फोटो पाठवला. दोन मिनिटांत तिचा फोन. "आई, खसखस आणू नकोस हं. इथे बंदी आहे." मला वाटलं, थट्टा करतेय. पण खरंच की! खसखस निघते अफूच्याच बोंडातून, म्हणून अमिरातीत तिची गणती अमली पदार्थांत. तिकडे खसखस चालत नाही हे ऐकून इकडे घरात मात्र चांगलीच खसखस पिकली. जाऊबाई म्हणाल्या, "म्हणजे जन्मभर आपण अनारशांवर अफू थापत होतो की गं!"

हसून झालं आणि काळजात धस्स झालं. गोडा मसाला! आमच्याकडे त्यातही ती पडते. कुटून, भरून, टेप लावून तयार असलेला किलोभर मसाला बॅगेतून बाहेर आला आणि खसखशीवाचून नवा झाला. चव? बरी. आमच्या सासूबाई असत्या तर "बरी" एवढंच म्हणाल्या असत्या आणि त्यातच सगळं आलं असतं.

मग मी धसकाच घेतला. एकेका जिन्नसाची चौकशी सुरू. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत. तेलकट, पेट घेतील म्हणून. हा नियम तिकडचा नाही, आपलाच. किसून, भाजून लाडवात गेलेल्या खोबऱ्याबद्दल मात्र यादी गप्प होती. मीही गप्प बसले.

कोडीन असलेलं खोकल्याचं औषध तिकडे परवानगीवाचून नेता येत नाही, म्हणून ह्यांची लाडकी बाटली घरीच राहिली. बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून टाइप करून आणली. त्यांचं अक्षर कोपऱ्यावरच्या केमिस्टलाच लागतं, दुबईच्या कस्टमवाल्याला काय लागणार? तिकडच्या भिंतीत तीन चपट्या पिनांची जागा, आपल्या गोल पिना शिरत नाहीत. तो ॲडॅप्टर ह्यांनी आणला. पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

खरी लढाई वजनाची. माणशी ३० किलो. हे आधी एकटे काट्यावर उभे राहायचे, मग बॅग कवटाळून. दुसऱ्यातून पहिलं वजा. गणित चोख, पण बॅग कवटाळली की माणसाला आकडा दिसत नाही. म्हणून मी फरशीवर आडवी होऊन तो वाचायचा. तिसऱ्या खेपेलाही ३१ च्या वरच. "मेतकूट, पोहे, सांडगे कशाला? दुबईच्या करामा भागात सगळं मिळतं," हे धापा टाकत म्हणाले. मिळतं की. तिथल्या मीना बाजारात तर कढीपत्त्यासकट सगळं मिळतं म्हणे. पण मग मी तिथे रिकाम्या हातांनी उभी राहू का? शेवटी ह्यांची दोन जाडजूड पुस्तकं आणि एक बूटजोड बाहेर आली. सांडगे राहिले.

निवडलेली वाटीभर खसखस ओट्यावर तशीच होती. दोन महिने घर बंद राहणार, तिला जाळी धरणार. विमान रात्रीचं होतं. दुपारी तिची खीर केली, वेलदोडा घालून. थोडी थोडी म्हणता दोघांनी पातेलं निपटलं आणि जे आडवे झालो, ते टॅक्सीवाल्याच्या चौथ्या फोनला उठलो.