उजव्या सीटवरचा ड्रायव्हर

बाबांनी ३२ वर्षं एसटी चालवली, त्यातली निम्मी फोंडा घाटात, कोल्हापूर-कणकवली. असा माणूस अमेरिकेत लेकीकडे आला की त्याला गाडीत कुठे बसवायचं? इथे स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे शेजारच्याची जागा उजवीकडे. बाबा आयुष्यभर बसले नेमके त्याच बाजूला, फक्त हातात चाक नाही. सॅन फ्रान्सिस्को सोडल्यापासून त्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर ब्रेक दाबत होता.

हायवे १०१ वर दीड दिवस गेला. मोटेलची कॉफी आईला आवडली नाही, मलाही नाही. लक्षात राहिली ती एक आरव्ही. ते चाकांवरचं घर निवांत पुढे चाललेलं आणि मागे आम्ही सात-आठ गाड्या. दुपदरी रस्त्यावर मागे पाच गाड्या तुंबल्या तर जागा मिळेल तिथे बाजूला होऊन वाट द्यायची, असा कॅलिफोर्नियात कायदाच आहे. त्या गृहस्थाने अशा तीन जागा खुशाल सोडल्या.

"हॉर्न दे की!"

"बाबा, इथं उगाच कुणी वाजवत नाही."

"मग घाटात काय करतात? देवाचं नाव घेतात?"

क्रेसेंट सिटीहून आम्ही हाऊलँड हिल रोडला लागलो. जेमतेम १० मैलांचा रस्ता, बराचसा कच्चा. आरव्ही आणि ट्रेलर आणू नका असं आधीच बजावलेलं असतं, तेवढं एक बरं. इथे रस्त्यासाठी झाडं हटलेली नाहीत, रस्ताच रेडवुडना वळसे घालत जातो. बुंधे इतके खेटून की आरसे मिटावेसे वाटतात. तीनशे फुटी झाडाचा शेंडा बघायला आईने डोकं जवळजवळ डॅशबोर्डमध्ये घातलं, तेही मागच्या सीटवरून. उन्हाळ्यात इकडे पाऊस जवळपास नसतोच, समुद्रावरून येणारं धुकं या झाडांना तगवतं. पण रस्त्याकडेचे नेचे धुळीने पांढरे पडलेले. ती धूळ आमच्यासारख्या हौशी लोकांच्याच गाड्यांची. मोबाइलला रेंज नाही. नकाशा आधी उतरवून ठेवायला हवा होता, ठेवला नव्हता.

उतारावर एका आंधळ्या वळणाला बाबा म्हणाले, "आता तरी वाजव." मी नाही वाजवला. वळले, तर समोर पिकअप. दोघांनी करकचून ब्रेक मारले. मधे फार तर एका गाडीचं अंतर. धूळ बसेपर्यंत कुणीच हललं नाही.

मला वाटलं, मागे जायला त्याला सोपं आहे, तोच जाईल. बाबांनी सीटबेल्ट काढला होता. "तो चढतोय, आपण उतरतोय. मागं आपण घ्यायचं." पुढे घरी येऊन पाहिलं तर इथला कायदाही शब्दशः हेच सांगतो.

ते खाली उतरले आणि मागे जाऊन उभे राहिले. जन्मभर कंडक्टरच्या इशाऱ्यावर गाडी मागे घेतलेला माणूस आज स्वतः कंडक्टर. आरशात फक्त त्यांचा हात दिसत होता, मनगटातून हलणारा. "येऊ दे... येऊ दे... डावीकडं मार... मूळ आहे, दमानं... येऊ दे... बास!" आणि डिकीवर दोन थापा. मला घाम फुटला होता. पिकअपवाल्याने जाताना माझ्याकडे पाहिलंही नाही, बाबांना मात्र हात केला.

त्यानंतर प्रत्येक आंधळ्या वळणावर मी हॉर्न वाजवला. स्टाउट ग्रोव्ह या रेडवुडच्या राईच्या अलीकडे चालत निघालेल्या एका जोडप्याने असं काही पाहिलं माझ्याकडे! त्यांचंही खरंच, त्या शांततेसाठीच ते आले असणार. तरी वाजवला.

संध्याकाळी पंपावर बाबांनी गाडीला फेरी मारली, टायर बुटाने ठोकून पाहिले.

"गाडी बरी आहे तुझी," म्हणाले. "ब्रेक तेवढा उशिरा लागतो."