पांढरी सात आणि पांढरी एक यांच्या मध्ये

फोंड्याच्या वरच्या बाजारात माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. म्हणजे अक्षरशः खोलीच: एक संगणक, दोन स्पीकर, भिंतींना गाद्या आणि कोपऱ्यात पेटी. श्रावण ते चवथ हे माझे सुगीचे दिवस. कुणाच्या कॅसेटी उतरवायच्या असतात, कुणाचं फोनवरचं रेकॉर्डिंग गाडीत वाजत नसतं, कुणाला सगळ्या आरत्या एका पेन ड्राइव्हवर हव्या असतात.

अशाच एका धो धो पावसाच्या सकाळी एक मुलगा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं मेमरी कार्ड घेऊन आला. वास्कोच्या दामोदराच्या सप्ताहात त्याच्या मामांच्या भजनी मंडळाची पाळी पहाटे होती. याने पेटीपुढे रेकॉर्डर ठेवला, आणि थांबवायचं बटण दाबायच्या आधीच त्याचे सेल संपले. कार्डावर 460 एमबीची वेव्ह फाइल दिसत होती, पण कुठल्याही प्लेअरवर लांबी शून्य सेकंद.

हे दुखणं मला नवीन नव्हतं. वेव्ह फाइलच्या सुरुवातीला, बहुधा पहिल्या 44 बाइटांत, पुढचा आवाज कसा वाचायचा ते लिहिलेलं असतं: सेकंदाला आवाजाचे किती नमुने, नमुना किती बिटांचा, मोनो की स्टिरिओ. या रेकॉर्डरने ती जागा शेवटी भरायला म्हणून कोरी ठेवली होती, आणि शेवट आलाच नाही. गाणं सगळं जागच्या जागी होतं. डब्यावरची चिठ्ठी तेवढी गेली होती, आत बेसन आहे की तांदळाचं पीठ ते चाखूनच ठरवायचं.

ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये कच्ची फाइल उघडायला ‘इम्पोर्ट रॉ डेटा’ असतं, ते घेतलं. पहिल्याच खेपेला, सुरुवातीचे किती बाइट सोडायचे तिथे, 44 ऐवजी 43 टाइप झालं आणि खोलीत दूधसागर कोसळला. सोळा बिटांचा नमुना दोन बाइटांचा. एक बाइट सरकला की सगळ्या जोड्या फुटतात आणि नुसता खरखराट उरतो. आकडा दुरुस्त केला, आणि खरखराटाच्या जागी पखवाज आला. मुलगा खुर्चीतून उठलाच.

त्या आनंदात एका रकान्याकडे मी बघितलंच नाही. तिथे 44100 आधीपासून लिहिलेलं होतं. सीडीचा दर. तो तसाच राहिला.

ऐकताना लय जराशी सैल वाटली होती, खोटं कशाला सांगू. पखवाजही जड वाटला. पण पहाटेची पाळी, रात्रभराचं जागरण, बुवांचं, म्हणजे त्या मामांचं, वय. मी मनातल्या मनात बुवांनाच थकवून टाकलं. जपून ठेवायला आवाजातलं काहीही न गाळणारी फ्लॅक फाइल केली, वाटायला 192 केबीपीएसची एमपी3, साधारण 63 एमबी. मुलाने ती तिथूनच मंडळाच्या सगळ्यांना पाठवली.

दुपारी तीन वाजता बुवा स्वतः दारात. छत्री मिटली, चपला काढल्या आणि उभ्यानेच म्हणाले, “बाय, हो आवाज म्हजो न्हय.”

मी म्हटलं, “बुवा, स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की सगळ्यांनाच तसं वाटतं.” हे मी दर आठवड्याला कुणाला ना कुणाला सांगते. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि सरळ पेटीपाशी जाऊन बसले. “लाव.”

मी गजर लावला. त्यांनी काळी एक दाबली, त्यांची गायची पट्टी. रेकॉर्डिंगचा षड्ज तिच्या खाली. पांढरी एक दाबली, तरी खालीच. मग खालची पांढरी सात. आता तो वर. दोन्ही पट्ट्या आळीपाळीने दाबत राहिले. मधे काळी पट्टी नाहीच, दाबणार काय?

“माणूस उतरतो गो,” ते म्हणाले. “मी उतरलो असेन. पण माझ्याबरोबर पेटी कशी उतरली?”

माझे कान गरम झाले. मी त्यांच्या भाच्याला, सकाळच्या मुलाला, फोन लावला. तो लग्नांचं शूटिंग करतो. व्हिडिओला 48 हजारांचा दर चालतो म्हणून रेकॉर्डर कायम त्यावरच ठेवलेला. म्हणजे एका सेकंदात वाजायचे 48 हजार नमुने मी 44,100च्या चालीने वाजवत होते. 40 मिनिटांचं भजन साडेत्रेचाळीस मिनिटांचं झालं होतं, आणि सूर जवळजवळ दीड पट्टी खाली. काळी एकपासून दीड पट्टी मोजा, बरोबर पांढरी सात आणि पांढरी एक यांच्या मध्ये येता. मंडळातल्या एकाने फोनवर त्याच गजराचा व्हिडिओ काढला होता. त्यात दोन मिनिटांचा तुकडा, माझ्याकडे दोन मिनिटं अकरा सेकंद.

पाठवलेल्या एमपी3चाच वेग वाढवून दोन मिनिटांत मोकळं होता आलं असतं. पण एमपी3 करताना एकदा आवाजातलं काही काढून टाकलेलं असतं. त्याचीच पुन्हा एमपी3 केली की पुन्हा काढलं जातं. मूळ कच्ची फाइल डिस्कवर होती, तीच पुन्हा उघडली आणि रकान्यात 48000 लिहिलं. एकही नमुना बदलला नाही. बदलला तो फक्त आकडा.

बुवा काळी एक धरूनच बसले होते. गजर सुरू झाला आणि पेटीतला सूर स्पीकरमध्ये असा मिसळला की भाता थांबल्याचं मला उशिरा कळलं. तीन-चार मिनिटं ऐकल्यावर त्यांनी हात वर केला. “इथे मात्र मीच घसरलोय. हे तुझं नाही.”

नवीन फाइल सगळ्यांना गेली, जुनी पुसून टाका म्हणून वर निरोपही. पैसे मी घेतले नाहीत. बुवा दुसऱ्या दिवशी पातोळ्या ठेवून गेले. झांज वाजवणाऱ्या काकांचा मात्र फोन आला: आधीचं जास्त गंभीर वाटत होतं, तेच ठेवलं तर चालेल का? त्यांना काय सांगावं ते मला अजून सुचलेलं नाही.