तुम्ही विचारलंत म्हणून: ते फोटो मी का दाखवत नाही

जुन्या मनोरुग्णालयाच्या काचेच्या निगेटिव्ह माझ्याकडे आहेत हे कळल्यापासून सोलापुरात कुणीही भेटलं की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "येरवड्याचेच ना?" आणि दुसरा, "मग टाका की ओ सगळे, लपवून काय ठेवलंय?"

पहिल्याचं उत्तर मी देत नाही. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही जुनी चार सरकारी मनोरुग्णालयं. त्यांतलं कुठलंही धरा. 'ह्याला येरवड्याला पाठवा' हा विनोद आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही येतो. नाव लिहिलं की लोक फोटो बघायचे थांबतात आणि विनोद सुरू होतात.

दुसऱ्याचं उत्तर लांब आहे. तेवढा दम असेल तर वाचा.

मुळात मी सगळं लपवलेलं नाही. इमारती, स्वयंपाकघर, विणकामाची शेड या काचा मागेल त्याला दाखवतो. पण त्या कुणाला नको असतात. हवे असतात ते 'तसले' फोटो: रिकामा वॉर्ड, काळवंडलेले चेहरे, कोपऱ्यात एखादी धूसर आकृती. तर त्या भुताटकीचा हिशेब एकदाचा करून टाकतो.

वॉर्ड रिकामा दिसतो, कारण तो रिकामा करून घेतलेला असतो. खिडकीच्या उजेडावर, भिंगाचं छिद्र बारीक ठेवून घेतलेल्या फोटोला काही सेकंद, कधी अख्खं मिनिट लागायचं. तेवढ्यात इकडून तिकडे गेलेला माणूस काचेवर उमटतच नाही. मध्येच क्षणभर थांबला तर धुरासारखा उमटतो. ती तुमची धूसर आकृती. बहुतेक झाडूवाला.

चेहरे काळे पडतात ते काचेवरच्या थरामुळे. ऑर्थोक्रोमॅटिक काचेला लाल रंग दिसत नाही. कुंकू काळं येतं, लाल लुगडं काळं येतं, निळं आकाश पांढरंफटक पडतं आणि आपली सावळी कातडी आहे त्याहून गडद होते. त्याच काळातले, तसल्याच काचेवरचे लग्नाचे फोटो तुमच्या घरात असतील, काढून बघा. नवरा-नवरीचे चेहरे तितकेच काळे आहेत. त्यांची कुणाला भीती वाटत नाही. कडेला दिसणारी निळसर, आरशासारखी चकाकी म्हणजे थरातली चांदी हवेशी झगडून वर आलेली. रोग्याच्या आत्म्याशी तिचा संबंध नाही. हेही मला एकाने विचारलं होतं.

विणकामाच्या शेडची काच मात्र सोलापूरकराने बघावीच. धावत्या धोट्याचा माग आहे; धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारं लाकडी साधन. त्यावर विणणारा एका हाताने दोरी ओढतो, दुसऱ्या हाताने फणीची चौकट ठोकतो, धोटा आपला पेटीतून पेटीत पळतो. या फोटोतल्या माणसाने धोटा हातात धरलाय, नीट कॅमेऱ्याकडे करून. असं धरून कुणी विणत नाही. म्हणजे 'धर' असं त्याला कुणीतरी सांगितलंय. पण ताणा, म्हणजे उभे धागे, चांगला ओढलेला आहे आणि कापडाच्या रुळावर जाड गुंडाळी चढलेली आहे, म्हणजे माग रोज चालत होता. सोंग फक्त त्या एका क्षणाचं. पूर्व भागातल्या एका जुन्या पद्मशाली विणकराने हे बघताक्षणी सांगितलं. मला धोट्याचं कळलं होतं, गुंडाळीचं नव्हतं.

आता चेहरे.

वेड्यांचे चेहरे टिपायची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधल्या सरे इथल्या असायलममधले डॉक्टर ह्यू वेल्च डायमंड यांनी 1856 साली रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचून तिचे तीन उपयोग सांगितले: चेहऱ्यावरून आजार ओळखणं, रोग्याला स्वतःचा फोटो दाखवून बरं करणं, आणि सुटलेला रोगी परत आला तर पटवणं. माझ्याकडच्या काचा तिसऱ्या जातीच्याही नाहीत. साधे समूह-फोटो आहेत, बायकांच्या रांगा लावलेले. मागच्या पाटीवर 'मेंटल हॉस्पिटल' आहे, म्हणजे 1920 च्या नंतरचे. त्याआधी 'ल्युनॅटिक असायलम' असतं. आपल्याला रांगेत का बसवलंय हे त्यातल्या किती जणींना कुणी सांगितलं असेल, याची मला शंका आहे.

एका व्याख्यानात मी यातली एक काच पडद्यावर दाखवली. मांडणी समजावी म्हणून, लांबूनच. कुणीतरी मोबाइलवर पडद्याचा फोटो घेतला, कुण्या ॲपमधून 'सुधारून' आणि रंगवून व्हॉट्सॲपवर सोडला. मधल्या रांगेतल्या एका बाईला त्यात स्वच्छ चेहरा आला होता. बदामी डोळे, सरळ नाक, फिकट गुलाबी ओठ.

पुढच्या आठवड्यात एक गृहस्थ आपल्या आईला घेऊन आले. आई ऐंशीच्या पुढच्या. त्या लहान असताना त्यांच्या आईला मनोरुग्णालयात नेलं होतं, ती परत आली नाही, घरात एकही फोटो नाही. मोबाइल पुढे करून गृहस्थ म्हणाले, "सर, आई म्हणत्यात ही आजीच हाय."

मी काच काढली. हाफ प्लेट, पावणेपाच बाय साडेसहा इंच. तीन रांगा म्हटल्यावर एकेक डोकं जेमतेम 5 मिलिमीटरचं. लाइट बॉक्सवर ठेवून आठपटीची लूप, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, त्या आजींच्या हातात दिली. फोटोतल्या त्या बाईने नेमकी मान वळवली होती. निगेटिव्हमध्ये पदराची कड धारदार आहे, मांडीवरच्या हाताची बोटं मोजता येतात आणि चेहऱ्याच्या जागी एक करडा फराटा आहे. काच 2400 पीपीआयवर, म्हणजे इंचाला 2400 पिक्सेल धरून, स्कॅन केली तर तो चेहरा पावणेपाचशे पिक्सेलचा होतो, पण पावणेपाचशे पिक्सेल फराट्याचेच. मोबाइलच्या नकलेत त्याचे पंधरा-वीस उरले असतील. ॲपने त्यावर दुसऱ्या हजारो चेहऱ्यांच्या सरासरीतून डोळे-नाक बसवले. डोकं हललेलं आहे हे त्याला कळत नाही. डोकं आहे म्हणजे तोंड हवं, एवढंच कळतं.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. बहुतेक जरा जास्तच सविस्तर.

आजींनी लूपमधून पुष्कळ वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "ह्यात तर तोंडच न्हाई. मग ते नाक कुठनं आलं? नाक तेच हाय." मुलाने मोबाइल परत घेतला आणि विचारलं, रंगीत फोटो बारा बाय पंधरा करून फ्रेमसाठी मिळेल का. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, बरं, दुसरीकडनं काढतो. काढलाही असेल.

तेव्हापासून चेहरे असलेल्या काचा मी दाखवत नाही. आता तुमचे आक्षेप, जे मलाही येतात.

कायदा? 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 24 सांगतं की उपचार घेत असलेल्या व्यक्तीचा फोटो तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. पण ते उपचार घेत असलेल्यांबद्दल आहे. या बायका बहुतेक सगळ्या गेल्या असणार. त्यामुळे कायद्याच्या आड मला लपता येत नाही, आणि मी लपतही नाही.

चेहरे झाकून दाखवा? मी स्वतः पूर्वी हेच म्हणायचो, भांडून म्हणायचो. डोळ्यांवर काळी पट्टी मारून एक प्रिंट काढून बघा. पेपरातल्या आरोपींची रांग दिसते.

मग लपवणं म्हणजे तरी काय? घरच्यांनी एकदा लपवलं, सरकारने भिंतीआड ठेवलं, आता मी कपाटात ठेवतोय. हे मला रात्री-अपरात्री सुचतं आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण त्या आजींच्या हातातला मोबाइल आठवला की कपाट बंदच बरं वाटतं. उद्या कदाचित उलटं वाटेल. मला 'तत्त्ववादी' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तुमच्याकडे असल्या काचा निघाल्या तर मला शिव्या घालण्याआधी एवढं करा. ओल्या फडक्याने पुसू नका. चकचकीत बाजू काचेची, मंद बाजू जिलेटीनच्या थराची, चित्र त्यातच असतं. जिलेटीनच्या बाजूला फक्त दाबायच्या रबरी फुग्याची हवा, फार तर मऊ ब्रश. कापडी हातमोज्यांतून काच निसटते, नायट्राइलचे घाला. कागदी पाकिटात घालून लांब कडेवर उभ्या ठेवा. तडकलेल्या तेवढ्या आडव्या. पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, आणि कूलरच्या खोलीत तर मुळीच नको. आपल्याकडे मे महिन्यात 42-43 अंशांना सगळे कूलर लावतात, त्याची ओल जिलेटीन पितं, चिकट होतं, बुरशी धरतं आणि गुंडाळलेल्या वर्तमानपत्राला बसतं. तसं बसलं असेल तर सोलू नका, कागदासकट राहू द्या. स्कॅन 16 बिट ग्रेस्केल, टिफ फाइल. 1200 पीपीआयला हाफ प्लेटची फाइल सुमारे 90 एमबीची होते, तिला घाबरून जेपीजी करू नका. काच उलटी पडली का ते पाटीवरच्या अक्षरांवरून बघा. आणि चेहरा सुधारून देतो म्हणणारा भेटला तर आधी मूळ स्कॅन त्याच जागी मोठा करून दाखव म्हणा, मग पैशांचं बोला.