पाणी घालवायचं काम

परवा शनिवारी सकाळी साडेआठला, इकडे अमेरिकेत सिएटलजवळच्या टायगर माउंटनच्या पायथ्याला पार्किंगमध्ये आम्ही चौदाजण ट्रेल, म्हणजे डोंगरातली पायवाट, दुरुस्त करायला हिरवी हेल्मेटं घालून उभे होतो आणि पाऊस पडत होता. आपल्याकडे कोसळतो तसा नाही, इकडचा, भुरभुर दिवसभर चालणारा. मला कायम विचारतात लोक, अगं पावसात कशाला जाता, उन्हाळ्यात करा की हे काम. पण पाऊस असला तरच दिसतं ना पाणी ट्रेलवर कुठनं येतंय, कुठनं चालतंय आणि कुठं बसून राहतंय. कोरडा ट्रेल बघून काहीच कळत नाही, सगळंच छान वाटतं.

मी सॅममिशला राहते, सिएटलच्या पूर्वेला. घरापासून दहा मिनिटांवर डथी हिल नावाचं १२० एकरांचं जंगल आहे, कौंटीची म्हणजे इकडच्या जिल्ह्याची जागा, त्यात माउंटन बाइकचे ट्रेल आहेत, आणि थोडं पुढं गेलं की इसाक्वाचे डोंगर, कूगर, स्क्वॉक आणि टायगर. टायगरच्या पश्चिमेकडच्या राखीव भागात फक्त चालणारे, बाइकवाले पूर्वेकडच्या बाजूला. आपली मंडळी सगळ्यात जास्त जातात ती पू पू पॉइंटला, नाव ऐकून पोरं हसतात, पण ते नाव पूर्वी लाकूडतोडीच्या वेळी वाजायच्या वाफेच्या शिट्टीवरनं पडलंय. मीही पहिली दोन वर्षं नुसती चालायचे आणि सायकल चालवायचे, वाट कोण ठेवतं नीट हा विचार कधी मनात आला नाही. वाटायचं सरकारच करत असेल.

सरकार करतं थोडं. पण बरंचसं काम करतात साधे लोक सुट्टीच्या दिवशी. वॉशिंग्टन ट्रेल्स असोसिएशनची सुरुवात १९६६ ची, लुईस मार्शल नावाच्या बाईंनी काढलेल्या एका छोट्या मासिकातनं, आणि १९९३ पासून त्यांनी स्वयंसेवकांच्या टोळ्या घेऊन वाटा दुरुस्त करायला घेतल्या. बाइकवाल्यांची वेगळी संघटना, एव्हरग्रीन, ती १९८९ पासूनची. डथी हिल त्यांनी कौंटीबरोबर मिळून उभं केलं, २०१० साली उघडलं. मी दोन्हीकडे जाते, जिकडे शनिवारी माणसं कमी असतील तिकडे.

आता मूळ मुद्द्यावर येते, कारण मला हे खूप दिवस लिहायचं होतं.

मी कोरेगाव तालुक्यातली, सातारा जिल्हा. २०१६ ला पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली तेव्हा राज्यातले तीनच तालुके होते, वरूड, अंबाजोगाई आणि आमचं कोरेगाव. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते, एप्रिल-मेमध्ये दर शनिवार-रविवार गावी जायचे श्रमदानाला. पहाटे अंधारात सुरू करायचं आणि उन्हं चढायच्या आत घरी. ए-फ्रेम, म्हणजे समतल बघायची इंग्रजी A सारखी चौकट, घेऊन डोंगरावर समतल रेषा काढायची, फक्की टाकायची आणि त्या रेषेवर चर खोदायचा, सलग समतल चर. पाणी धावतं ते चालवायचं, चालतं ते थांबवायचं, थांबलेलं जिरवायचं, हे अक्षरशः पाठ झालेलं. आमचे अण्णा म्हणजे माझे वडील तर ए-फ्रेम न लावताही नुसत्या नजरेनं उतार सांगायचे.

आणि इथं पहिल्या दिवशी मला सांगितलं की आजचं काम म्हणजे पाणी ट्रेलवरनं लवकरात लवकर बाहेर काढायचं. मी रात्री व्हिडिओ कॉलवर अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "आगं, पाणी अडवायचं सोडून घालवताय व्हय?"

तर ते असं आहे. डोंगराच्या अंगावरनं आडवी वाट काढली की तिची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा थोडी खाली हवी, साधारण शंभराला पाच एवढा उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे वरनं आलेलं पाणी पातळ पसरून वाट ओलांडून खाली जातं, वाटेतनं चालत नाही. नवीन वाट अशीच असते. मग वर्ष-दोन वर्षं हजारो बूट आणि टायर मधोमध पडतात, मध्य दबतो, आणि बाहेरच्या कडेला सुटी माती, पाला साठत साठत उंच होतो. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला सांगायचं तर वाटेची सरी होते आणि कडेचा वरंबा. आणि सरीत पाणी सोडल्यावर काय होतं ते आपल्याला माहितीच आहे, ते टोकापर्यंत पळत जातं. इथं टोक म्हणजे पाचशे फूट खाली, आणि जाताना माती घेऊन जातं, मग मुळं उघडी पडतात, दगड वर येतात, माणसं तो खड्डा टाळून कडेनं चालतात आणि वाट रुंद होत जाते. आमचं निम्मं काम म्हणजे तो वरंबा फोडणं. दिसायला काहीच नाही, दिवसभरात दीडशे-दोनशे फूट झालं तरी खूप.

दुसरं निम्मं काम म्हणजे काळी माती काढून टाकणं. इकडच्या जंगलात डग्लस फर, हेमलॉक, सीडर ही प्रचंड झाडं, त्यांच्याखाली फूट-फूटभर कुजलेला पाला, काळाभोर, हाताला मऊ. इकडे त्याला डफ म्हणतात. तो स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो म्हणून वाटेवर चालत नाही, खालची पिवळट, टणक माती लागेपर्यंत खरवडायचा आणि खाली उतारावर लांब भिरकावायचा, जवळ टाकला तर परत त्याचाच वरंबा. अण्णांनी तो व्हिडिओ बघितला आणि त्यांचा जीव तुटला. "सोन्यासारखं खत टाकून देतीयास." मलाही पहिल्यांदा हात उचलवत नव्हता खरंच.

हत्यारांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. पुलास्की म्हणजे एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं पातं. एड पुलास्की नावाच्या वनखात्याच्या रेंजरमुळे ते पसरलं, तोच माणूस ज्यानं १९१० च्या ऑगस्टमधल्या मोठ्या वणव्यात आयडाहोमध्ये आपल्या टोळीला खाणीच्या बोगद्यात नेऊन त्यातल्या बहुतेकांना वाचवलं. मॅक्लाउड म्हणजे एका बाजूला दाताळं आणि दुसऱ्या बाजूला रुंद फावडं, माती ओढायची, सारखी करायची आणि शेवटी उभं धरून बुडानं चोपायची. पहार मात्र पहारच, ती आपल्या आणि इकडच्या दगडाला सारखीच लागते. आपण टिकाव खांद्यावर टाकून चालतो ना, ते इथं अजिबात चालत नाही, हत्यार हातात खाली धरायचं, उताराच्या बाजूच्या हातात, म्हणजे घसरलात तर ते दरीकडे फेकता येतं, आणि दोन माणसांत दहा फूट अंतर. हे नियम मला फार आवडतात. गावी आम्ही चपला घालून खोदायचो, दोघा-तिघांच्या पायावर घाव बसलेले मी बघितलेत.

सायकलच्या ट्रेलचं गणित थोडं वेगळं. चालणारा माणूस खाली दाबतो, पण सायकल वळणाआधी ब्रेक मारते, चाक घासतं आणि मातीत बारीक बारीक लाटा तयार होतात, त्यावरनं गेलं की हात थरथरतात. म्हणून वळणावर बाहेरच्या बाजूला मातीचा तिरका कठडा बांधतात, बर्म, त्यावर वेग न मोडता वळता येतं. तो बांधायला आणि चोपायला माती ओलसर लागते, लाडवाला पाक लागतो तशी, मुठीत दाबली तर गोळा व्हायला हवा. ऑगस्टमध्ये, म्हणजे इथल्या कोरड्या उन्हाळ्यात, तिचं पीठ झालेलं असतं, कितीही चोपा, बसत नाही. म्हणून डथीवर खोदाईचा खरा हंगाम पावसाचा आणि उन्हाळा नुसता चालवायचा. आणि लांब उतार सरळ कधीच ठेवायचा नाही, मध्ये मध्ये वाट जराशी वर चढवायची आणि परत उतरवायची. चालवणाऱ्याला मजा वाटते, पण खरं कारण हेच की त्या खोलगट जागी पाणी बाहेर पडतं.

एक साधा नियम आहे, वाटेचा चढ हा डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. जास्त झाला की पाण्याला वाट ओलांडण्यापेक्षा वाटेनंच खाली जाणं सोपं पडतं. हा नियम कळल्यापासून मला सिंहगडाची आतकरवाडीची वाट वेगळी दिसायला लागली. जिथं जिथं लोकांनी वळण सोडून सरळ शॉर्टकट मारलेत तिथं तिथं ओघळ पडलेत, आणि ओघळाची घळ व्हायला दोन पावसाळे पुरतात. पुण्यातल्या टेकड्यांवरही तेच. कुणी वाईट हेतूनं करत नाही, दहा पावलं वाचतात म्हणून करतात. इथंही करतात. आम्ही मग त्या शॉर्टकटवर वाळक्या फांद्या, ओंडके आडवे टाकतो, असे की ते मुद्दाम टाकलेत हे कळू नये.

आता अण्णांची गोष्ट. एका ट्रेलवर एका जागी डबकं होतं, बारमाही. आम्ही तिथं उतार काढला, पुढच्या महिन्यात डबकं परत. परत खोदलं, जास्त खोल. परत भरलं. तिसऱ्यांदा दगड बसवून वाट उचलायची असं चाललं होतं, म्हणजे पंचवीस-तीस माणसांचं दिवसभराचं काम, दगड लांबनं आणायचे. मी भर पावसात तिथं उभी राहून व्हिडिओ काढला आणि घरी आल्यावर अण्णांना पाठवला, सहज, काही विचारायचं म्हणून नाही. त्यांचा फोन आला. "डबक्याकडं काय बघत बसलाय, वरनं कुठनं येतंय ते बघ की. माथ्यापासनं खाली या."

माथा ते पायथा. हे मला शिकवलं होतं, माझ्या तालुक्यात शिकवलं होतं, मी स्वतः तसं काम केलेलं, आणि इथं येऊन तीन महिने मी पायथ्याचं डबकं उपसत होते. पुढच्या वेळी मी टोळीच्या प्रमुख बाईंना म्हटलं, मला अर्धा तास वर जाऊन येऊ दे. सत्तरीच्या आहेत त्या, मनात मी त्यांना आजीच म्हणते. त्या स्वतः बरोबर आल्या. फर्न आणि डेव्हिल्स क्लबच्या काटेरी झुडपांमधनं वर चढत गेलो, साठ-सत्तर फुटांवर एक जुना लाकूड ओढायचा रस्ता सापडला, पूर्ण झाडीत बुजलेला, त्याच्या चाकोरीतनं पाणी वाहत येत होतं आणि एका पडलेल्या ओंडक्यापाशी तुंबून बरोबर आमच्या डबक्याच्या दिशेनं खाली उतरत होतं. आजींनी बघितलं आणि नुसतं "ओह" म्हणाल्या. परवानगी वगैरे घेऊन मग दोन आठवड्यांनी आम्ही वर तीन ठिकाणी ती चाकोरी फोडली, सहा माणसं, चार तास. पाणी तिथंच जंगलात पसरलं आणि जिरलं. डबकं त्या हिवाळ्यात झालं नाही.

मी अण्णांना सांगितलं की शेवटी तुमच्यासारखंच केलं, जिरवलं. ते काही बोलले नाहीत, पण आईनं सांगितलं की पारावर बसून सगळ्यांना तो व्हिडिओ दाखवत होते.

२०२४ च्या १९ नोव्हेंबरचं वादळ आठवतं का इकडच्या लोकांना? आमच्याकडे चार दिवस वीज नव्हती. इथली झाडं नैऋत्येच्या वाऱ्याला सरावलेली आणि त्या रात्री वारा पूर्वेकडनं आला. नंतर ट्रेलवर गेलो तर वाट दिसतच नव्हती, झाडावर झाड. पडलेलं मोठं झाड कापणं हे आमच्यासारख्यांचं काम नाही, त्याला वेगळं ट्रेनिंग आणि सर्टिफिकेट लागतं, कारण खोड कुठं ताणलंय आणि कुठं दबलंय हे न कळता करवत लावली तर ते उसळतं, माणूस जाऊ शकतो. आम्ही फांद्या ओढायचं काम केलं. आणि संरक्षित वाइल्डरनेसमध्ये, म्हणजे कायद्यानं राखलेल्या रानात, आमच्याकडे आल्पाइन लेक्सच्या भागात, १९६४ च्या कायद्यानं मोटरच चालत नाही, सायकलही नाही, तिथं दोन माणसांची लांब करवत. एकानं ओढायची, दुसऱ्यानं फक्त सोडायची, ढकलायची नाही. ढकललं की पातं वाकतं आणि अडकतं. मी एकदा तास-दीड तास ओढलीय, दुसऱ्या दिवशी कीबोर्डवर बोटं चालत नव्हती, पण खोड तुटून बाजूला गडगडलं तेव्हा जो आवाज झाला तो अजून कानात आहे.

ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी, अनुभव अजिबात लागत नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड पँट, चांगले बूट, पाणी आणि डबा. हातमोजे, हेल्मेट, हत्यारं तिथं मिळतात. मधे चॉकलेट-गोळ्यांचा ब्रेक असतो आणि तो कधीच चुकत नाही. पाच वेळा आलात की स्वतःच्या नावाचं हेल्मेट मिळतं, माझ्या हेल्मेटवर देवनागरीत नाव लिहिलंय. २४ तास भरले की राज्य सरकारच्या जागांचा वर्षाचा पार्किंग पास फुकट. आणि नाहीच जमलं यायला तर एवढं करा, वाटेत डबकं दिसलं तर कडेनं जाऊ नका, मधनं जा, बूट भिजू देत. ट्रेल मऊ असेल तर सायकल त्या दिवशी राहू दे, चाकाची एक रेघ पडली की पुढच्या पावसाचं पाणी त्याच रेघेतनं धावतं.

मेमध्ये अण्णा-आई येतायत, पहिल्यांदाच. अण्णांनी आत्तापासून विचारून ठेवलंय की ते डबकं घरापासनं किती लांब आहे आणि तिथं पोचायला किती चालावं लागतं. त्याआधी मार्चमध्ये एकदा वर जाऊन यायचंय, त्या तीन फोडलेल्या जागा पाल्यानं बुजल्यात का बघायला.